मिशी जमली, जिभेचं काय?

गोव्याच्या साहित्यिकांवर चित्रपट, मालिका, लघुपट काढायला निघालेल्या निर्माते-दिग्दर्शकांस, आणि त्यांत लेखक होऊन उभ्या राहणाऱ्या नटमंडळींस,

स. न. वि. वि.

मी बोरीचा. फोंडा तालुक्यातल्या शाळांत मराठी शिकवण्यात नोकरी गेली, आणि नोकरीच्याही आधीपासून आजवर उत्सवी नाटकांत प्रॉम्प्टर म्हणून, म्हणजे अडलेल्या नटाला शब्द द्यायला, विंगेत उभा राहतो आहे. गोव्याबाहेरच्यांसाठी सांगतो, आमच्याकडे देवळाचा उत्सव म्हटला की नाटक आलं, आणि ते बहुतेक मराठीच. घरी, दुकानात, तालमीच्या चहाला कोकणी बोलणारी माणसं रात्री अकराला तोंडाला रंग लावून ‘महाराज, आज्ञा शिरसावंद्य’ म्हणत पुढे होतात आणि त्यात कुणालाच काही विशेष वाटत नाही. प्रॉम्प्टरच्या जागेवरून नट धड दिसत नाही. एक खांदा, अर्धी पगडी, मानेवरून उतरलेला रंग, बस्स. ऐकू मात्र सगळं येतं. श्वास कुठे घेतला, शब्द कुठे गिळला, कुठलं वाक्य समजून आलं आणि कुठलं नुसतं पाठ आहे. नटांविषयीची माझी सगळी मतं अशी कानाने बनलेली आहेत. पुढचं वाचताना ‘या म्हाताऱ्याला कॅमेऱ्यातलं काय कळतं’ असं मनात आलं तर येऊ द्या. फारसं कळत नाहीच.

पत्राला निमित्त असं. मागे एका लघुपटाच्या चित्रीकरणाला ‘जरा भाषेचं बघायला या’ म्हणून मला बोलावणं आलं. गोव्यातल्या एका जुन्या कवीवर होता. कुणाचा आणि कुणावर ते सांगत नाही. माणसं सज्जन होती, दुपारी जेवणाला इसवण मासा होता, तक्रार करण्यासारखं काही नव्हतं. जुनं घर, मधे राजांगण, तुळशीपर्यंत ऊन उतरलेलं. नट मुंबईहून आलेला. रंगभूषेला दोन तास बसला आणि उठला तेव्हा खरोखर कवीच उठला. तोच भांग, तसाच चष्मा, धोतराची तीच घडी, मिशी तर अशी की केस मोजून लावलेले. घरातल्या आजींनी दारातून एकदा पाहिलं आणि त्या पदराने डोळे पुसत आत गेल्या.

मग त्याला मेजापाशी बसवलं. फाउंटन पेन दिलं, कागद दिला. ‘लिहा,’ दिग्दर्शक म्हणाले. नटाने खिडकीबाहेर माडांकडे पाहिलं, पेन हनुवटीला लावलं, किंचित हसला, आणि एका दमात पान भरून टाकलं. कॅमेरा सरकत निबापर्यंत गेला. मी बाजूच्या पडद्यावर पाहत होतो. कागदावर ओळीखाली ओळ लिहिलेलं होतं, ‘मी लिहितो आहे मी लिहितो आहे मी लिहितो आहे.’ अक्षर सुरेख होतं, हे कबूल.

‘एवढं वाचता येणार नाही, सर, फोकस निबावर आहे,’ असं मला समजावण्यात आलं. मला खुपलं ते वेगळंच होतं. त्या भरल्या पानावर एकही शब्द खोडलेला नव्हता.

चहाच्या वेळी तो नट सोप्यावर माझ्या शेजारी येऊन बसला. चांगला पोरगा. म्हणाला, ‘सर, कवी लिहिताना नेमकं करत काय असेल हो?’ मी म्हटलं, ‘खोडत असेल.’ तो हसला, आणि मग हसायचा थांबला. पुढच्या शॉटला त्याने तीन ओळी लिहिल्या, त्यातल्या दोन खोडल्या, आणि उरलेल्या एकीकडे संशयाने पाहत राहिला. दिग्दर्शकांनी ‘कट’ म्हटलं. त्या जागी बासरी ठरलेली होती, आणि खोडण्यावर बासरी काही बसेना.

संध्याकाळी याहून वाईट झालं. कवी आपल्या आईशी बोलतो तो प्रसंग. संवाद होता, ‘आई, मला शब्द बोलावताहेत.’ मी हळूच सुचवलं की हा माणूस घरात कोकणी बोलायचा. आणि दुसरं, भाषा कुठलीही असो, हे ऐकून गोव्यातली कुठलीही आई ‘बरं, मग पेज पिऊन जा’ याखेरीज काही म्हणणार नाही. संवाद तसाच राहिला. माझं नाव मात्र ‘भाषा सल्लागार’ म्हणून चांगल्या ठळक अक्षरात झळकलं. हे पत्र म्हणजे त्याचं प्रायश्चित्त समजा.

मला सांगायचंय ते एवढंच. लेखकाच्या भूमिकेसाठी नट शोधताना तुम्ही हातात फोटो घेऊन बसता. तो फोटो उलटा करून ठेवा, आणि समोरच्याला त्या लेखकाचं एक पान मोठ्याने वाचायला सांगा. मग डोळे मिटा.

आपल्याच घरचं जुनं उदाहरण देतो. ‘प्रभात’चा ‘संत तुकाराम’, साल १९३६. तुकोबांचा फोटो असायचा प्रश्नच नव्हता, त्यामुळे विष्णुपंत पागनीस तुकोबांसारखे दिसतात असं म्हणायला कुणाकडे काही आधार नव्हता. उलट ते रंगभूमीवर स्त्रीभूमिका केलेले नट. चालण्या-बोलण्यात ते वळण राहिलेलं, म्हणून दामले-फत्तेलालांपैकी दामल्यांना ही निवड सुरुवातीला पटली नव्हती असं सांगतात. पण माणूस भजनात मुरलेला. चित्रपट पुन्हा लावा आणि पडद्याकडे पाठ करून ऐका. पागनीस बोलताबोलता अभंगात शिरतात ते नेमकं कुठल्या शब्दावर, हे मला चार वेळा ऐकूनही पकडता आलेलं नाही. पुढे काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. बाजारात तुकोबांच्या तसबिरी आल्या त्यांत पागनीसांचा चेहरा आला. आमच्या देवघरात तीच तसबीर होती. माझी आजी जन्मभर पागनीसांना फूल वाहत होती, आणि तुकोबांना ते पोचत नव्हतं असं म्हणायची माझी छाती नाही.

त्याच चित्रपटातलं ‘आधी बीज एकले’ घ्या. ते तुकोबांचं नव्हे, शांताराम आठवल्यांचं. पण भलेभले जाणकार तो गाथेतलाच अभंग समजून चालले. चित्रपटाला गाणी लिहिणाऱ्या माणसाच्या कानात तुकोबांची भाषा किती मुरलेली असेल, पाहा. आज लेखकावरच्या चित्रपटाचे संवाद लिहिणाऱ्याला आपण त्या लेखकाचं निदान एक पुस्तक अथपासून इतिपर्यंत वाचायला लावतो का? मला आलेल्या पटकथेत कवीच्या तोंडी ‘मी माझ्या अभिव्यक्तीच्या शोधात आहे’ असं वाक्य होतं. कवी असं बोलत नाहीत. कवींवर प्रबंध लिहिणारे बोलतात.

आणि पागनीसांचे तुकोबा इतके खरे वाटतात त्याचं निम्मं श्रेय मी गौरी या नटीच्या आवलीला देतो. ती म्हैस सांभाळते, पोरांच्या तोंडात घास घालते, नवऱ्याला फैलावर घेते, पायातली वहाण काढून थेट विठोबावर धावून जाते. लेखकाच्या घरात संसार करणं म्हणजे काय असतं, हे त्या बाईच्या आवाजाच्या पट्टीतून कळतं. तिच्याशिवाय तुकोबा नुसते भजन म्हणत बसले असते.

पागनीसांच्या छायेत पुन्हा तुकाराम करायचा म्हणजे धाडसच. २०१२ साली चंद्रकांत कुलकर्णींच्या ‘तुकाराम’मध्ये जितेंद्र जोशीने ते केलं, आणि शहाणपणाने पागनीसांच्या वाटेला गेला नाही. त्याने दुकान, देणंघेणं, दुष्काळ यांतून आलेला गृहस्थ उभा केला. मला तो पूर्वार्धात जास्त आवडतो, जिथे अभंग अजून यायचे आहेत.

यावरून आठवलं. आमच्या उत्सवात एका वर्षी तुकाराम केला तो गावातल्या किराणा दुकानदाराने. पाठांतर कच्चं, आवाज बसका, आणि मी विंगेतून शब्द देऊन देऊन घायकुतीला आलेलो. पण दुकानाचा प्रवेश आला. त्याने कागदाचा कोन वळला, धान्य ओतलं, सुतळी दोन वेढे मारून दाताने तोडली, पुडा गिऱ्हाइकासमोर सरकवला आणि न बघता पुढच्याकडे वळला. तीन सेकंद लागले नसतील. मंडपात अशी शांतता पसरली की मीही चोपडी खाली केली. त्या क्षणी देहूचा मोऱ्यांचा वाणी तिथे उभा होता. पुढच्याच वाक्याला त्याने सवयीने ‘आनी कितें दिवं?’ असं कोकणीत विचारलं आणि सगळा मंडप हसला, ही गोष्ट वेगळी. शंभर रुपयांचं बक्षीस मात्र त्या पुड्यालाच जाहीर झालं.

मग पु. ल. देशपांडे. माझ्या मते मराठीत याहून अवघड भूमिका नाही. तुकोबांचा आवाज कुणी ऐकलेला नाही, पुलंचा ऐकला नाही असं घर नाही. आमच्याकडे ‘बटाट्याची चाळ’ची कॅसेट इतकी वाजली की फीत ताणून ताणून पुलंचा आवाज शेवटी खर्जात जाऊन बसला होता. त्यांची जन्मशताब्दी आली त्या २०१९ साली महेश मांजरेकरांनी ‘भाई – व्यक्ती की वल्ली’ दोन भागांत आणला. पुलं झाला सागर देशमुख. त्याने नक्कल केली नाही याबद्दल मी त्याचा ऋणी आहे. पुलंची नक्कल प्रत्येक स्नेहसंमेलनात एकजण करतोच, आणि ती ऐकून खुद्द पुलंनी पळ काढला असता. सागरने बोलण्याआधीचा तो मिस्कील क्षण धरला, जेव्हा विनोद सुचलेला असतो आणि सांगावा की नको हे ठरत नसतं. तेवढ्यावर त्याने बरंच निभावलं.

पण चित्रपट त्याला बसूच देत नाही. दारातून एक मोठा माणूस येतो, त्याच्या नावाचा उद्धार होतो, प्रेक्षक टाळ्या वाजवतात, गाणं होतं, तोवर दुसरा मोठा माणूस जिन्यात उभाच असतो. लग्नाच्या स्वागत समारंभासारखं. दोन्ही भाग मिळून पुलं एकटे, अडलेले, स्वतःच्या लेखनावर चिडलेले किती वेळ दिसतात? इरावती हर्षेंच्या सुनीताबाई मात्र मला पटल्या. आनंदाच्या मैफलीत एक बाई कडेला उभी राहून घड्याळाकडे बघते, आणि ती आहे म्हणून उद्याचं लेखन होणार आहे, हे त्यांच्या नुसत्या उभं राहण्यात होतं. सुनीताबाई स्वतः काय ताकदीच्या लेखिका होत्या हे ‘आहे मनोहर तरी’ १९९० मध्ये आलं तेव्हा सगळ्यांना कळलं. पुलंच्या चित्रपटात त्या पत्नी म्हणून येतात. लेखिका म्हणून त्यांच्यावर चित्रपट काढायला कुणी धजेल का, हा प्रश्न इथे मांडून ठेवतो. त्यात पुलं सहायक भूमिकेत असतील, आणि कदाचित जास्त चांगले दिसतील.

सहायक भूमिकेतला लेखक बहुधा अधिक खरा उतरतो, हे माझं एक निरीक्षण आहे. ‘...आणि डॉ. काशिनाथ घाणेकर’मध्ये (२०१८) आनंद इंगळेंनी वसंत कानेटकर केले. चित्रपट नटाचा, नाटककार बाजूला. त्यामुळे त्या भूमिकेवर महान दिसायची सक्ती नाही. आपण लिहिलेलं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकणाऱ्या माणसाचा चेहरा तिथे पाहायला मिळतो. मी जन्मभर तो चेहरा विंगेतून पाहिला आहे. स्थानिक नाटककार आपल्या नाटकाच्या पहिल्या प्रयोगाला कधी खुर्चीत बसत नाही, आमच्यापाशी येऊन ओठ हलवत उभा राहतो.

हिंदी-उर्दूकडे वळायचं तर गालिब म्हटलं की आज डोळ्यांसमोर नसीरुद्दीन शाह येतो, ते १९८८ च्या दूरदर्शन मालिकेपासून. नंदिता दास यांच्या ‘मंटो’त (२०१८) नवाजुद्दीन सिद्दिकी लिहिण्यापेक्षा ऐकताना जास्त दिसतो. बाजेवर, बारमध्ये, कोर्टात लोक बोलत असतात आणि हा पांढऱ्या कुर्त्यातला माणूस चष्म्याआडून ते साठवत असतो. मंटोच्या कथा चित्रपटात मधूनच सुरू होतात. आयुष्य कुठे थांबलं आणि गोष्ट कुठे सुरू झाली याची पाटी लावलेली नाही. ते मला फार आवडलं.

आता जरा लांबचं सांगतो, कारण माझ्या मुद्द्याला याहून चोख पुरावा सापडणार नाही. ट्रुमन कपोटी हा अमेरिकन लेखक. बुटका, आणि आवाज बारीक, एखाद्या लाडावलेल्या पोरासारखा. कॅन्सासमधल्या एका शेतकरी कुटुंबाच्या हत्याकांडावर त्याने पुस्तक लिहिलं, त्यासाठी फाशीची शिक्षा झालेल्या आरोपींशी वर्षानुवर्षं ओळख ठेवली. या एकाच गोष्टीवर लागोपाठ दोन चित्रपट आले. २००५ च्या ‘कपोटी’त फिलिप सीमोर हॉफमन, २००६ च्या ‘इन्फेमस’मध्ये टोबी जोन्स. अंगाने आणि चेहऱ्याने जोन्स कपोटीच्या कितीतरी जवळचा. हॉफमन थोराड, रुंद खांद्यांचा. फोटो घेऊन बसलात तर हॉफमनला दारातूनच परत पाठवाल. ऑस्कर त्यालाच मिळालं.

जोन्सही उत्तम आहे, त्याच्यावर अन्याय नको. पण हॉफमनने तो बारीक आवाज नुसता काढला नाही, त्याचा हत्यारासारखा वापर केला. कोठडीत कैद्याशेजारी बसून तो इतक्या मऊपणे स्वतःचं दुःख सांगतो की समोरच्याला आपलं सांगितल्याशिवाय राहवत नाही. आणि आपल्याला, पाहणाऱ्यांना, त्याच वेळी दिसत असतं की हा मनातल्या मनात टिपणं घेतोय. त्याला त्या माणसाची खरी माया आहे, आणि पुस्तक संपायला त्याची फाशी व्हायला हवी आहे, हेही खरं आहे. हे दोन्ही एका वाक्यात, एका आवाजात येतं. लेखक हा प्राणी थोडासा चोर असतो, हे सांगायची हिंमत आपल्या चरित्रपटांत मला अजून दिसलेली नाही. आपल्याकडे लेखक गेला रे गेला की त्याला हार घालायचा, आणि एकदा हार पडला की माणसाला मान वळवता येत नाही.

निकोल किडमनने ‘द अवर्स’मध्ये (२००२) व्हर्जिनिया वुल्फ केली तेव्हा सगळीकडे तिच्या खोट्या नाकाची चर्चा झाली. माझं लक्ष हातावर होतं. मुळात डावखुरी असलेली ही बाई भूमिकेसाठी उजव्या हाताने लिहायला शिकली. तो हात कागदावर कसा अवघडून, पण ठाम चालतो ते बघा. आणि ‘आयरिस’मध्ये (२००१) जूडी डेंच. आयरिस मरडॉक ही जन्मभर शब्दांवर जगलेली कादंबरीकार, आणि अल्झायमर्सने तिच्याकडून शब्दच काढून घ्यायला सुरुवात केली. तरुणपणीची आयरिस केट विन्स्लेटने केली आहे, ती बोलते तेव्हा वाक्यं उड्या मारत येतात. डेंचच्या तोंडात एक साधा शब्द येता येता राहतो. प्रॉम्प्टरला ते बघवत नाही. मी घरी टीव्हीसमोर बसून नकळत ओठ हलवत होतो.

आता गोव्याकडे येतो.

बा. भ. बोरकरांवर कुणी ना कुणी चित्रपट करणार, आज नाही तर उद्या. बाकीबाबांचा (बोरकरांना आम्ही असंच म्हणतो) जन्म १९१०, कुडचड्याचा. गाव मात्र आमचं, बोरी. १९८४ मध्ये गेले. तुम्ही काय कराल ते मला आत्ताच दिसतंय. जुवारीवरची संध्याकाळ, होडी, माडांची रांग, पांढऱ्या धोतरातला माणूस पाठमोरा. ड्रोन वर जाईल. हरकत नाही, बोरीची नदी सुंदरच आहे. पण हा माणूस बरीच वर्षं शाळामास्तर होता, पुढे आकाशवाणीवर नोकरी केली, म्हणजे हजेरीपट, वेळापत्रक, साहेब, बदली हे सगळं त्याच्या वाट्याला आलं. शिक्षण पोर्तुगीज अमलातलं. कविता मराठीतही आणि कोकणीतही. साहित्य अकादमीचा पुरस्कार १९८१ साली मिळाला तो ‘सासाय’ या कोकणी संग्रहाला, आणि मराठी घराघरांत ते पोचले ते आपल्या मराठी ओळींनी. पुलं आणि सुनीताबाई त्यांच्या कवितांचे कार्यक्रम करत ते मराठीतल्याच. मग तुमचे बोरकर चहा कुठल्या भाषेत मागणार? आईशी? वर्गात? रेडिओच्या मायक्रोफोनसमोर? रागावल्यावर?

हा प्रश्न आला की गोव्यात लगेच दोन बाजू पडतात, मला ठाऊक आहे. एकीकडून म्हणतील सगळं कोकणीत करा, दुसरीकडून म्हणतील मराठीत. मी दोन्हीकडून बोलणी खाल्लेला माणूस आहे. पण पडद्यावर खरं दिसायचं असेल तर दिवसाच्या एका वळणावर भाषा बदलायलाच हवी, आणि ती बदलली हे त्या माणसाच्या लक्षातही येता कामा नये. आमच्या तालमीत रोज रात्री होतं ते. ‘रे, तो दिवो मात्सो धर,’ असं म्हणून नट त्याच श्वासात ‘सेनापती, शत्रू वेशीपाशी आला आहे’ म्हणतो. हा सांधा ज्याला जमतो तो नट मला बोरकरांसाठी हवा. मग तो टकलू असो, उंच असो, कसाही असो. शिवाय बोरकर आपल्या कविता गाऊन म्हणत. शिकलेला गळा लागेलच असं नाही, पण वृत्त कानात पाहिजे. वृत्त न कळणाऱ्याने मागून कुणाचा तरी आवाज घेतला, तर ओठ आणि छंद दोन वेगळ्या दिशांना चालतात आणि मिशी कितीही अस्सल असली तरी फसवणूक उघडी पडते.

दुसरं नाव महादेवशास्त्री जोशी. सत्तरी तालुक्यातल्या आंबेड्याचे, जन्म १९०६. ‘मानिनी’, ‘कन्यादान’, ‘वैशाख वणवा’ हे चित्रपट त्यांच्या कथांवरचे. पडद्यावर इतकी घरं उभी करून देणाऱ्या माणसाचं स्वतःचं घर कसं होतं? पत्नी सुधाताई १९५५ साली गोव्याच्या मुक्तिलढ्यात उतरल्या, पकडल्या गेल्या आणि पोर्तुगिजांच्या तुरुंगात राहिल्या. शास्त्रीबुवा बाहेर. जुन्या वळणाचा, संस्कृत शिकलेला माणूस, घर आणि लेखन, आणि बायको कोठडीत. यात नटाला करायला किती आहे! पण तुम्ही सुधाताईंना झेंडा द्याल, शास्त्रीबुवांना टेबल-लॅम्प द्याल आणि मोकळे व्हाल. पुढे भारतीय संस्कृतिकोशाचे दहा खंड त्यांनी सिद्ध केले. तेही येईल पडद्यावर, भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं फडफडवत. दहा खंड वाऱ्याने होत नाहीत हो. ‘अ’पासून निघालेला माणूस ‘क’पाशी पोचतो तोवर त्याची पाठ कशी झालेली असते, ते एखादा नट नुसतं खुर्चीतून उठून दाखवू शकेल. त्याला उठू द्या. कॅमेरा हलवू नका.

प्रियोळच्या रवींद्र केळेकरांवर मी फार बोलत नाही. कोकणीला पहिलं ज्ञानपीठ मिळालं ते त्यांना, २००६ सालचं, आणि त्यांना पाहिलेली, ऐकलेली, त्यांच्याशी भांडलेली माणसं अजून आहेत. कॅमेरा आणायच्या आधी वही घेऊन त्यांच्या दारात जा. पाच वर्षांनी त्या दारांना कुलपं असतील.

आणि चित्रपटांना अनुदान देणाऱ्या समित्यांवर बसलेल्या मंडळींनाही एक विनंती. २००४ पासून आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव पणजीत भरतो, जगातले नट मांडवीच्या काठावरून फिरून जातात, आनंद आहे. आपल्या लेखकावरची पटकथा तुमच्यापुढे आली की त्यातला कुठलाही एक संवाद मोठ्याने वाचा, आणि वाचून झाल्यावर शिपायाला विचारा, ‘असं कोण बोलतं का रे?’ त्याचं उत्तर शेऱ्यात लिहा.

माझ्याकडून होईल ती मदत करीन. चतुर्थीत येऊ नका, तेव्हा घरात पाय ठेवायला जागा नसते, आणि उत्सव सुरू झाले की रात्रीचा मी सापडणार नाही. त्यामधल्या दिवसांत केव्हाही या. नटाला बिनरंगाचा आणा. पुस्तकं माझ्याकडे आहेत, सोपा आहे, पंखा चालतो.

ता. क. त्या लघुपटातला तो पोरगा, ‘मी लिहितो आहे’वाला, त्याचा परवा फोन आला. लघुपट होऊन गेला, कुठे लागला कुठे नाही, त्याबद्दल तो काही बोलला नाही. म्हणाला, ‘सर, त्यांच्या कविता रोज वाचतोय, लोकलमध्ये, मनात. आज एक मोठ्याने म्हणू का?’ म्हटलं, म्हण. मागे गाडीची घोषणा, पोरांचा आरडाओरडा. पहिल्या दोन ओळी धड गेल्या. तिसरीवर तो अडला. मी जन्माच्या सवयीने तोंड उघडलं, तेवढ्यात तो पलीकडून म्हणाला, ‘नको सर, सांगू नका. थांबा जरा.’

मी थांबलो.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक प्रॉम्प्टर
बोरी, फोंडा, गोवा